गंज, रंग आणि पाठभेद

एका मोठ्या रेल्वेस्थानकाबाहेर, रिक्षातळाला लागून, चौथऱ्यावर उभे केलेले एक वाफेचे इंजिन आम्ही कित्येक वर्षे येताजाता पाहत आलो आहोत. दर वर्षी प्रजासत्ताकदिनाच्या आगेमागे त्याला रंग लागतो. बॉयलरला काळा, चाकांच्या कडांना पांढरा, पुढच्या आडव्या पट्टीला तांबडा. जुना रंग खरवडण्याची तसदी कोणी घेत नाही. गेल्या वर्षीच्या थरावर या वर्षीचा थर चढतो. परिणाम असा की, कारखान्याचे नाव आणि साल सांगणारी जी पितळी पाटी इंजिनाच्या कुशीत आहे, तिच्यावरची अक्षरे आता बोटांनी चाचपूनही लागत नाहीत. धुराड्यात कबुतरे राहतात. पावसाळ्यात आत पाणी उतरते आणि बॉयलरच्या तळाशी साचून राहते. बाहेरून रंगाचे थर वाढत आहेत आणि आतून पत्रा झिजत आहे; या दोन क्रियांची गाठ कधीतरी पडेलच.

अशा इंजिनांचे करावे काय, हा प्रश्न अभियंत्यांचा आणि रेल्वेवेड्यांचा आहे, साहित्याच्या वाचकांशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. आमच्या मते तो प्रथम आपलाच प्रश्न आहे. जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा चालती करावी, आहे त्या अवस्थेत जपावी, की तिला तिच्या गतीने जाऊ द्यावे, या तिढ्याशी जुन्या ग्रंथांचे संपादक शतकानुशतके झुंजत आले आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तेव्हा त्यांच्यापुढे हाच तिढा होता: तीनशे वर्षांच्या वापराने ग्रंथाला चढलेली पुटे काढायची, तर कोणते पूट आणि कोणते अंग, हे ठरवायचे कोणी?

उदाहरणादाखल एकच इंजिन घेऊ. इंग्लंडातील लीड्स शहरात किटसन, थॉम्पसन आणि हेविटसन यांच्या कारखान्यात १८५५ साली तयार झालेले एक इंजिन त्याच वर्षी कलकत्त्यास उतरले. ईस्ट इंडियन रेल्वेने त्याला २२ हा क्रमांक दिला. ‘फेअरी क्वीन’ हे नाव त्याला बरेच पुढे मिळाले. हावडा ते राणीगंज या मार्गावर ते धावले, १८५७ च्या धामधुमीत त्याने फौजा वाहिल्या, आणि १९०९ साली ते सेवेतून निघाले. नंतर काही दशके हावडा स्थानकाबाहेर चौथऱ्यावर, तेथून उत्तर प्रदेशातील चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण केंद्रात, आणि पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात त्याची रवानगी झाली. हे संग्रहालय १९७७ साली उघडले. येथवरची कथा कोणत्याही वृद्ध इंजिनाची कथा आहे. वेगळेपण १९९७ साली सुरू होते. त्या वर्षी हे इंजिन दुरुस्त करून पुन्हा पेटवण्यात आले आणि दिल्ली ते अलवर या मार्गावर पर्यटकांची गाडी घेऊन ते धावू लागले. अठ्ठ्याऐंशी वर्षे थंड पडलेली भट्टी पुन्हा तापली. पुढच्याच वर्षी, नियमित धावणारे जगातील सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. २०११ साली त्याचे अनेक सुटे भाग चोरीस गेले. तेव्हा ते चेन्नईतील पेरांबूर कारखान्यात नेऊन पुन्हा उभे करण्यात आले.

ही बातमी वाचून आनंद झाला नाही, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आनंदाच्या पाठोपाठ जी शंका येते ती सहज जात नाही. बॉयलर पुन्हा पेटवायचा म्हणजे काय करावे लागते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. बॉयलरच्या पोटातून आगीच्या नळ्या जातात. भट्टीतील ज्वाळा आणि धूर त्या नळ्यांतून धुराड्याकडे ओढला जातो आणि सभोवतीचे पाणी उकळते. भट्टीच्या भिंती आणि बॉयलरचे बाहेरचे कवच यांच्यामध्ये पाणी असते, आणि या दोन भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारे शेकडो आखूड दांडे असतात. नळ्या खराब होतात, दांडे झिजून तुटतात, पत्रा आतून खड्डे पडून पातळ होतो. दर चौरस इंचावर शंभर पौंडांहून अधिक दाब सोसणाऱ्या भांड्याबाबत हयगय चालत नाही. बॉयलर फुटला म्हणजे माणसे मरतात. म्हणून नळ्या बदलाव्या लागतात, दांडे बदलावे लागतात, पत्र्याचे तुकडे कापून नवे जोडावे लागतात, आणि अनेकदा सबंध बॉयलरच नवा करावा लागतो. चाकांवरच्या लोखंडी धावा झिजणाऱ्याच असतात. आसांच्या बैठकांतील मऊ धातू पुन्हा ओतावा लागतो. आधुनिक रुळांवर धावायचे तर ब्रेक आजच्या पद्धतीचे हवेत, दिवे हवेत. इंग्लंडातील १९२३ चे प्रसिद्ध ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ बेचाळीस लाख पौंड खर्चून २०१६ साली पुन्हा धावू लागले, तेव्हा त्यात १९२३ सालचे असे फारच थोडे शिल्लक होते.

आता यावर एक उत्तर ठरलेले आहे: इंजिन नोकरीत असतानाही त्याचे भाग बदलतच होते, मग आता बदलले तर काय बिघडले? हे उत्तर आम्हांस अर्धेच पटते. नोकरीत असताना जे बदल झाले ते त्या इंजिनाचे चरित्र आहे. गाडी वेळेवर नेण्यासाठी, कोळसा वाचवण्यासाठी, घाट चढण्यासाठी केलेले ते बदल आहेत. त्यांतून त्या काळची गरज वाचता येते. आज जे बदल होतात ते, आपणांस जुने इंजिन चालताना पाहायचे आहे, या इच्छेने होतात. तेही चरित्रच, पण ते आपले.

येथे मराठी वाङ्मयातील एक प्रकरण आठवते. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी सत्तावनच्या बंडाच्या दिवसांत उत्तरेत केलेल्या प्रवासाची हकीकत पुढे १८८३ च्या सुमारास लिहून काढली. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने छापली. छापताना त्यांनी तिला हात लावला; भाषा सारखी केली, मजकूर आपल्या समजुतीप्रमाणे लावून घेतला. वैद्यांची आवृत्ती लोकप्रिय झाली, तिनेच गोडसेभटजींना वाचक मिळवून दिले, आणि ती नसती तर पोथी कोठल्या तरी फडताळात वाळवीच्या स्वाधीन झाली असती, हेही खरेच. परंतु पोथी राहिली होती. १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून पाठ छापला, आणि भटजींचा खरा आवाज, त्यातल्या अडखळण्यासकट, ऐकू आला. वैद्यांनी केलेले नुकसान भरून निघू शकले, कारण त्यांनी पोथीवरच खाडाखोड केली नव्हती.

इंजिनाच्या बाबतीत नेमकी अडचण ही आहे. तेथे प्रत आणि पोथी एकच. जो दुरुस्त करतो तो पोथीवरच लिहितो. जो तुकडा काढून फेकला तो पाठभेद म्हणून तळटीपेत जात नाही, भंगारात जातो. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून १९६६ पर्यंत चालली. तिच्या प्रत्येक पानाखाली पाठभेदांच्या ओळीच्या ओळी आहेत, आणि सुखठणकरांशी ज्याचे पटत नाही त्याने तेथे उतरून आपले काय ते ठरवावे. इंजिनाला अशी तळटीप देता येते काय? काही प्रमाणात देता येते. ऐतिहासिक रेल्वेंसाठी युरोपात २००५ साली मान्य झालेली ‘रीगा सनद’ आहे. काय बदलले याची नोंद ठेवा, हा अशा सनदांचा गाभा. नव्या भागावर साल ठोकावे आणि काढलेला भाग, शक्य तर, जपावा. यात कर्मकांड काही नाही. हिशेबवहीत खोडले तर मूळ आकडा दिसेल असे खोडावे, एवढीच साधी शिस्त आहे. आपल्याकडे ती कितपत पाळली जाते, हे चौथऱ्यावरच्या त्या पाटीला विचारावे.

या शिस्तीचा उलट, आणि आमच्या मते आदर्श, दाखला ‘रॉकेट’चा. स्टीफन्सन पितापुत्रांचे हे इंजिन १८२९ च्या रेनहिलच्या स्पर्धेत जिंकले. पुढे काही वर्षांतच त्यात मोठे फेरफार झाले. तिरपे बसवलेले सिलिंडर जवळजवळ आडवे करण्यात आले. १८६२ साली ते लंडनच्या संग्रहात आले ते या बदललेल्या, वापरून टाकलेल्या, अर्धवट मोडक्या रूपात. त्याला १८२९ च्या दिमाखात परत न्यावे असा मोह कोणालाही झाला असता. तसे केले गेले नाही. चालते रॉकेट पाहण्याची हौस १९७९ साली वेगळी प्रतिकृती बांधून भागवण्यात आली. आणि मूळ मोडके इंजिन तसेच राहिल्यामुळे पुढे बेली आणि ग्लिथेरो या दोघा अभ्यासकांना ते उत्खननाच्या पद्धतीने, भोकाभोकाचा आणि सांध्यासांध्याचा पुरावा घेत, वाचता आले. त्यांचे पुस्तक २००० साली निघाले. चकचकीत केलेल्या रॉकेटवर ते लिहिता आले नसते.

तर मग हात लावूच नये, जे होते ते होऊ द्यावे? या मताला थोर परंपरा आहे. रस्किनने १८४९ साली वास्तूंच्या जीर्णोद्धाराला जवळजवळ खोटेपणा म्हटले. विल्यम मॉरिसने १८७७ साली त्याच भावनेने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. पडक्या भिंतीवर शेवाळ चढू द्यावे, पण नवा गिलावा नको. पण रस्किन दगडाबद्दल बोलत होता. रायगडावरचे जोते तीनशे वर्षे ऊनपाऊस खाऊनही आपला नकाशा सांगत राहते. लोखंडाला ही सोशिकता नाही. कोकणच्या दमट हवेत उघड्यावर ठेवलेला पोलादी पत्रा पदराखाली पदर सोडत जातो. ठोकलेले क्रमांक जातात, हातोड्याच्या खुणा जातात, पत्र्याची मूळ जाडी जाते, आणि शेवटी आकार तेवढा उरतो, ज्याचे छायाचित्र चांगले येते. बोलिव्हियात उयुनी येथे मिठागराच्या कडेला टाकून दिलेली इंजिने पाहण्यास जगभरचे प्रवासी जातात. ते दृश्य हृद्य असेल. पण तेथे मरणारी वस्तू आपल्याविषयी रोज थोडे कमी सांगत आहे. ‘तसेच राहू द्या’ म्हणणारा, आपण काही करत नाही, असे समजतो. तोही करत असतोच. गंजाच्या हाती लेखणी देत असतो.

मात्र कधीकधी दिरंगाईच वाचवते, हेही सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये मुख्य मार्गांवरची वाफ १९६८ च्या ऑगस्टमध्ये संपली. इंजिने भंगारवाल्यांना विकली गेली. वेल्समधील बॅरी या बंदरगावी वुडहॅम यांच्या आवारात २९७ इंजिने आली. वुडहॅम यांनी आधी मालडबे कापायला घेतले, कारण ते काम सोपे होते. इंजिने मागे पडली, खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षे उभी राहिली. तेवढ्या अवधीत ती विकत घेणाऱ्या हौशी मंडळ्या तयार झाल्या, आणि त्यांतली २१३ इंजिने वाचली. ज्याला आपण ऱ्हास म्हणतो तो तेथे एका अर्थी मुदतवाढ ठरला. तेथे ऱ्हास वाईट नव्हता, भंगारवाल्याची ज्योत वाईट होती.

आपल्याकडे त्या ज्योतीने काय गिळले, हे आठवून पाहावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, एकवीस मैल. ती ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने लँकेशायरातील व्हल्कन कारखान्यातून आली होती. नावे आपल्या शाळकरी पुस्तकांत आहेत. इंजिन एकही उरलेले नाही. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६३ साली, गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ निघाले आणि त्यात त्यांनी या नव्या आगगाडीची दखल घेतली. तो ग्रंथ आपल्यापाशी आहे, वस्तू नाही. वर्णन राहिले आणि वर्ण्य गेले. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही स्थिती सवयीची आहे. तरी साहिबाच्या चाकाचा एखादा आरा जरी राहिला असता, तर आम्ही तो रंग न लावता काचेच्या पेटीत ठेवा म्हणून भांडलो असतो.

आता दुसरी बाजू, आणि ती लहान नाही. इंजिन ही केवळ वस्तू नव्हे, ती क्रिया आहे. ओवी वाचून कळते. कीर्तन वाचून कळत नाही. थंड बॉयलर कसा हळूहळू, तासन् तास, तापवावा लागतो, घाईने पेटवला तर धातू असमान फुगून सांधे कसे गळू लागतात, फावड्याने कोळसा भट्टीत नेमका कोठे टाकला म्हणजे वाफ बसते आणि कोठे टाकला म्हणजे नुसता धूर होतो, हे ज्ञान कागदावर पूर्ण उतरलेले नाही. ते मनगटात असते. चित्तरंजनच्या कारखान्यात १९५० ते १९७२ या काळात २३५१ वाफेची इंजिने तयार झाली. रुंदमापी मार्गांवरचे शेवटचे नियमित वाफेचे इंजिन १९९५ च्या डिसेंबरात थांबले. म्हणजे त्यावर काम केलेला अगदी तरुण फायरमनही आज निवृत्तीच्या पलीकडे किंवा दाराशी आहे. हे मनगट गेले की जपलेले इंजिन ही, लिपी माहीत आणि भाषा विसरलेली, अशी पोथी होईल. दार्जिलिंगला १८८९ नंतर आलेल्या इंजिनांपैकी काही अजून डोंगर चढतात. त्यांचे भाग एकमेकांत इतके फिरले आहेत की कोणते इंजिन कोणते, हे सांगणे कठीण व्हावे, पण काम जाणणारे हात तेथे आहेत. निलगिरीच्या दातेरी रुळांसाठी तर तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्याने या शतकात नवी वाफेची इंजिने बांधली. हा जीर्णोद्धार नव्हे, ही परंपरा. आणि ती आम्हांस जीर्णोद्धाराहून प्रिय आहे.

येथेच एक अप्रिय गोष्ट नोंदवतो. वाफेची जी हळहळ आपण ऐकतो ती बहुधा प्रवाशाची, कवीची, छायाचित्रकाराची असते. फायरमनची क्वचितच असते. उन्हाळ्यात उघड्या भट्टीसमोर टनावारी कोळसा ओढणारा माणूस डिझेल आल्यावर रडला नसावा. १८६३ साली भोरघाटाचा चढ खुला झाला, तोवर त्या कामावर हजारो मजूर पटकी आणि इतर रोगांनी, अपघातांनी मेले होते. झळझळीत पितळ आणि नव्या हिरव्या रंगात हे सर्व धुऊन निघते. काजळी हाही पाठ आहे. तो निघून गेला की उरते ते लग्नातल्या घोड्यासारखे इंजिन.

आणि त्याहून पुढची पायरीही आता आली आहे. गुजरातेत एकतानगर ते अहमदाबाद या मार्गावर २०२३ च्या ऑक्टोबरात एक ‘वारसा’ गाडी सुरू झाली. तिचे इंजिन वाफेच्या इंजिनासारखे दिसते आणि विजेवर चालते. आपल्या इतिहासाला भाऊसाहेबांचा तोतया ठाऊक आहे. चेहरा जुळला, लकब जुळली, आणि काही काळ जाणती माणसेही फसली. त्याला पेशवाईने १७७६ साली देहान्त शासन दिले. इंजिनाच्या तोतयास आम्ही तेवढी कठोर शिक्षा सुचवत नाही. मुलांनी हौसेने बसावे. पण त्यास वारसा म्हणू नये.

तर आमचे मत काय, असे वाचक विचारतील. जे इंजिन आपल्या जातीचे एकटेदुकटे उरले आहे, त्याला पेटवू नये. फेअरी क्वीनच्या बाबतीत, १९९७ च्या त्या फेरीचा सारा रोमांच मान्य करूनही, आम्ही याच बाजूस आहोत. तिला छप्पर द्यावे, कोरडी हवा द्यावी, आणि तिचा गंज आहे तेथे थांबवावा. चालवण्यासाठी जी इंजिने शेकड्यांनी बांधली गेली त्यांतली निवडावी. हरियाणातील रेवाडीच्या जुन्या शेडमध्ये अशी काही ठेवली आहेत. ‘अकबर’ नावाचे १९६५ साली चित्तरंजनला बांधलेले इंजिन त्यांतलेच. त्यांचे भाग खुशाल बदलावेत, बदलल्याचे लिहून ठेवावे, आणि त्यांच्यावर नवी मनगटे तयार करावीत. आणि चौथऱ्यांवरची इंजिने? या रंगवलेल्या प्रेतांनी ना पोथी राखली आहे, ना कीर्तन.

गेल्या पावसाळ्यापूर्वी एका निवृत्त बॉयलर कारागिराला आम्ही मुद्दाम त्या चौथऱ्यापाशी घेऊन गेलो होतो. मूळ बार्शीकडचे गृहस्थ. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने बांधलेली, १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीस निघालेली आणि १९०६ साली पंढरपूरला पोचलेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. तिच्या गाड्यांतून वारीला गेलेली त्यांच्या घरातली माणसे. तो अरुंद मार्ग आता सर्वत्र रुंद झाला आहे. त्यांनी पिशवीतून लहानसा हातोडा काढला. भट्टीच्या बाजूचे ते आखूड दांडे एकेक करून ठोकीत, कान लावून, ते ओळीने पुढे सरकू लागले. धड दांडा खणखणीत बोलतो, तुटलेला बदबदतो, एवढे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. रिक्षावाले जमले. बराच वेळ आम्हांस सगळे आवाज सारखेच वाटत होते. मग एका जागी ते थांबले, पुन्हा ठोकले, आणि हातोडा आमच्या हातात देऊन म्हणाले, “आता तुम्ही ऐका.”